मुलगी उन्हात भाजत नाही, तरीही तिला उन्हापासून जपायचे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तो थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. दीड वर्षाची असल्यापासून तिच्या नाकावर, गालांवर आणि पंजांच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके उठू लागले आणि ते वाढतच गेले. उजेडात ती डोळे किलकिले करते, डोळ्यांतून पाणी येते. जनुकीय तपासणीत एक्सपीसी या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच दोष सापडला आणि आजाराचे नाव झेरोडर्मा पिगमेंटोझम (थोडक्यात एक्सपी) असल्याचे तुम्हाला सांगण्यात आले. तुम्ही विचारता की, डीएनएची दुरुस्ती करणारे औषध आहे का. आणि तासन्‌तास अंगणात खेळूनही जी मुलगी कधी लाल झाली नाही, जिला फोड आले नाहीत, तिला ऊन पूर्ण बंद करण्याचा सल्ला अतिरेकी नाही का. अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की पत्नी तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी असून तिला सातवा आठवडा सुरू आहे.

या शेवटच्या ओळीला मुदत आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. हा आजार होण्यासाठी सदोष प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही यावी लागते. ज्याच्याकडे एकच सदोष प्रत असते तो निरोगी असतो. तुम्ही दोघे तसे वाहक असणार असे मुलीच्या अहवालावरून जवळपास निश्चित दिसते, पण ते रक्त तपासून सिद्ध करावे लागते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि पहिल्या मुलीला तो झाला म्हणून ती वाढतही नाही की कमीही होत नाही. गर्भाची तपासणी हवी असेल तर वारेच्या पेशींचा सूक्ष्म नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान घेतला जातो, आणि नेमका कोणता दोष शोधायचा हे प्रयोगशाळेला आधी माहीत असावे लागते. म्हणून तुमच्या दोघांच्या रक्ताची तपासणी याच आठवड्यात सुरू झाली पाहिजे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आनुवंशिक आजाराच्या तपासणीला मज्जाव करत नाही. फक्त ती नोंदणीकृत केंद्रात, पत्नीच्या लेखी संमतीने व्हावी लागते आणि बाळाचे लिंग कोणीही सांगू शकत नाही. अहवाल आल्यावर काय करायचे हा निर्णय सर्वस्वी तुम्हा दोघांचा आहे. मी दोन्ही प्रकारचे निर्णय घेणारी जोडपी पाहिली आहेत. गर्भ ठेवायचाच असे ज्यांनी ठरवले त्यांनाही या माहितीचा उपयोग झाला, कारण त्यांच्या बाळाला पहिल्या दिवसापासून जपता आले.

मामाच्या मुलीशी लग्न केल्याबद्दल तुमच्या लिहिण्यात अपराधीपणाचा सूर आहे, तो सोडून द्यावा. आतेमामे भावंडांचा सुमारे एक अष्टमांश जनुकीय वारसा सामाईक असतो, त्यामुळे एकच दुर्मीळ दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण आपल्याकडच्या कित्येक समाजांत हे लग्न पिढ्यान्‌पिढ्या रीतीचे मानले गेले आहे, आणि रक्ताचे नाते नसलेल्या जोडप्यांतही हा आजार मी पाहिला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न औषधाचा नसून भाजण्याचा आहे. 'भाजत नाही म्हणजे ऊन तिला सोसते' हा निष्कर्ष कोणीही समजूतदार माणूस काढेल, आणि एक्सपीसीच्या बाबतीत तोच सर्वांत घातक ठरतो. तो का चुकतो हे समजायचे तर दुरुस्तीची यंत्रणा थोडी जवळून पाहावी लागेल. मी मुलीला तपासलेले नाही आणि अहवालातील दोषाचे नेमके वर्णनही तुम्ही दिलेले नाही, त्यामुळे पुढील विवेचन 'एक्सपीसी हे प्रथिन जवळपास तयारच होत नाही' असे धरून करतो. बहुतेक रुग्णांत तसेच असते. दोष सौम्य प्रकारचा असेल तर तपशील बदलतील, दिशा बदलणार नाही.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेतील पेशीच्या डीएनएवर पडतात तेव्हा साखळीतील शेजारशेजारची दोन अक्षरे, म्हणजे थायमिन किंवा सायटोसिन, एकमेकांना चिकटतात. शिवताना कापडाचे दोन पदर चुकून एकाच टाक्यात यावेत तसे ते होते. हे तुमच्या, माझ्या, शेतात राबणाऱ्या प्रत्येकाच्या त्वचेत रोज घडते. म्हणजे तुमच्या मुलीच्या डीएनएला होणारी इजा वेगळी नाही. आपल्या पेशी ते चिकटलेले टाके शोधून उसवतात आणि तिच्या पेशींना त्यांपैकी बरेचसे सापडतच नाहीत, एवढाच फरक आहे.

शोधण्याच्या दोन वाटा आहेत, आणि त्या समजावताना मी रुग्णांना नेहमी रेल्वेचे उदाहरण देतो. रुळांना तडा गेला आहे की नाही हे दोन प्रकारे कळते. एक म्हणजे गँगमन हातोडा घेऊन मैलोन्‌मैल चालत जातो आणि मुख्य मार्ग असो वा गवत वाढलेली सायडिंग, प्रत्येक रूळ ठोकून पाहतो. दुसरे म्हणजे धावती गाडी बिघाडापाशी येऊन अडते आणि मग धावाधाव होते. पेशीत गँगमनचे काम एक्सपीसी हे प्रथिन करते. ते डीएनएच्या संपूर्ण लांबीवर फिरत असते आणि जिथे दुहेरी साखळीची ठेवण बिघडली आहे तिथे जाऊन बसते. गंमत अशी की ते चिकटलेल्या अक्षरांना हात लावत नाही, त्यांच्या समोरच्या निरोगी धाग्याला धरते. त्यामुळे निरनिराळ्या आकारांच्या इजा त्याला ओळखता येतात. काही टाके साखळीला फारसे वाकवत नाहीत, ते एक्सपीसीला एकट्याने दिसत नाहीत, तेव्हा डीडीबी२ हे प्रथिन (या आजाराच्या एक्सपीई नावाच्या गटात तेच बिघडलेले असते) त्याला जागा दाखवते.

धावती गाडी म्हणजे जनुकाचे वाचन करणारे विकर. पेशी जी जनुके वापरत असते त्यांवरून हे विकर सतत धावते, आणि वाटेत चिकटलेला टाका आला की जागीच अडते. ते अडल्याची खबर सीएसए आणि सीएसबी ही दोन प्रथिने (कॉकेन सिंड्रोम या दुसऱ्या आनुवंशिक आजारात ती बिघडतात) पुढे पोचवतात. इथून पुढे दोन्ही वाटा एक होतात. एक्सपीबी आणि एक्सपीडी साखळीचे दोन धागे सोडवून उघडतात, एक्सपीए इजेची खात्री करून घेते, एक्सपीजी एका बाजूने आणि एक्सपीएफ दुसऱ्या बाजूने कापते, सुमारे तीस अक्षरांचा तुकडा बाहेर पडतो, समोरच्या धाग्यावर पाहून रिकामी जागा भरली जाते आणि शेवटची गाठ मारली जाते. या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता तुमच्या मुलीकडे पाहू. तिच्या पेशींत गँगमन नाही, पण गाड्यांची व्यवस्था शाबूत आहे. उन्हाने त्वचा लाल होणे, फोड येणे यांच्या मागचे मोठे कारण असे की वापरातली जनुके अडकून पडतात, पेशी संकटात सापडते आणि मरते. तिच्या पेशींत वापरातली जनुके वेळेवर दुरुस्त होतात, म्हणून पेशी मरत नाहीत आणि कातडी भाजत नाही. मात्र त्या वेळी वापरात नसलेल्या, म्हणजे डीएनएच्या फार मोठ्या भागातले टाके तसेच राहतात. मग पेशी विभागते तेव्हा संपूर्ण डीएनएची नक्कल करावी लागते, आणि चिकटलेल्या अक्षरांसमोर नकलाकार चुकीचे अक्षर बसवतो. सायटोसिनच्या जागी थायमिन, आणि कधी शेजारच्या दोन्ही सायटोसिनच्या जागी दोन थायमिन, ही उन्हाची जणू सही असते. रुग्णांच्या गाठींतील डीएनए वाचला की ती पानोपानी सापडते. मरायला हवी होती ती पेशी जगली, आणि चुका घेऊन जगली. न भाजण्याचा खरा अर्थ हा आहे.

याच कारणाने जे बाळ भाजते त्याचे निदान लवकर होते. माझ्याकडे साधारण एकाच सुमारास आलेली दोन मुले मला नेहमी आठवतात. पहिले तीन महिन्यांचे होते. आजीने रीतीप्रमाणे तेल लावून, न्हाऊ घालण्याआधी त्याला कोवळ्या उन्हात दहा मिनिटे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला, तिसऱ्या दिवशी फोड आले आणि ते आठवडाभर बरे झाले नाहीत. आजी स्वतःला दोष देत रडत होती. ते एक्सपीएचे, म्हणजे एक्सपीए या जनुकात दोष असलेले बाळ होते. घरच्यांनी धसका घेतला आणि त्याला अक्षरशः सावलीत वाढवले. आठव्या वर्षी त्याच्या कातडीवर मोजकेच ठिपके होते. दुसरी मुलगी सात वर्षांची, एक्सपीसीची, कधीही न भाजलेली. ठिपक्यांना घरचे 'तीळ' म्हणत होते, आणि त्याआधी दोन ठिकाणी त्यांना गोरेपणाचे मलम लिहून देण्यात आले होते. ती आली तेव्हा नाकाच्या शेंड्यावर मसुराएवढी, खपली धरलेली, हात लावताच रक्त येणारी गाठ होती. मी तिचा चेहरा पाहिला आणि मग मांडीच्या वरच्या भागातली, चड्डीखालची कातडी पाहिली. तिथे एकही ठिपका नव्हता, कातडी रेशमासारखी होती. चड्डीची कड जिथे येते तिथे जणू आखून रेघ ओढलेली होती: खाली कोरडी, चितकबरी, म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातासारखी त्वचा आणि वर सात वर्षांच्या मुलीची. तुम्ही आज रात्री अंघोळीच्या वेळी तुमच्या मुलीची ही रेघ पाहा. दोन्हीकडे जनुके तीच आहेत, आजार तोच आहे, फक्त ऊन एका बाजूला पोचले आणि दुसऱ्या बाजूला पोचले नाही.

लंडनमधील एक्सपीच्या विशेष सेवेतील डॉक्टरांचेही निरीक्षण हेच आहे: एक्सपीसी, एक्सपीई आणि व्हेरियंट गटांतील लोक साधारणपणे भाजत नाहीत, आणि त्यांनाच त्वचेचे कर्करोग अधिक होतात, कारण त्यांचे संरक्षण उशिरा सुरू होते.

गटांची ही अक्षरे कुठून आली हेही सांगतो, कारण तुमच्या अहवालात ती आहेत. व्हिएन्नाचे मोरिट्झ कापोसी यांनी १८८२ मध्ये या आजाराला नाव दिले. त्याचा अर्थ 'कोरडी, रंगलेली त्वचा' एवढाच आहे. कारण मात्र १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांना कॅलिफोर्नियात सापडले. त्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवल्या, त्यांवर अतिनील प्रकाश टाकला आणि किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएच्या बांधणीत लागणारा एक घटक) दिले. निरोगी पेशींनी दुरुस्ती करताना ते वापरले, रुग्णांच्या पेशींनी जवळपास वापरलेच नाही. पुढे रॉटरडॅममध्ये दोन रुग्णांच्या पेशी एकमेकींत मिसळून पाहण्यात आल्या. मिसळल्यावर दुरुस्ती सुरू झाली तर दोघांचा दोष वेगळा, न झाली तर एकच. अशा रीतीने ए पासून जी पर्यंत सात गट झाले. आठवा म्हणजे व्हेरियंट: त्यात दुरुस्ती ठीक असते, पण चिकटलेल्या टाक्यावरून अचूक नक्कल करणारे पॉलिमरेझ ईटा नसते, आणि त्याचे जनुक १९९९ मध्ये ओळखले गेले.

गट कळल्याचा मोठा फायदा मज्जासंस्थेच्या बाबतीत होतो, आणि इथे तुम्हाला थोडा दिलासा आहे. एक्सपीए, एक्सपीडी आणि आणखी काही गटांत श्रवणशक्ती घटणे, गुडघ्याचे प्रतिक्षेप जाणे, चालणे आणि बुद्धी हळूहळू खालावणे असा त्रास होतो. वर सांगितलेल्या एक्सपीएच्या मुलाची त्वचा चांगली राहिली, पण दहाव्या वर्षी त्याला श्रवणयंत्र लागले. मेंदूत ऊन पोचत नाही. तिथे पेशीच्या स्वतःच्या प्राणवायूच्या वापरातून होणारी इजा जबाबदार मानली जाते, म्हणून ऊन टाळून ती थांबत नाही. एक्सपीसीत हा त्रास क्वचितच आढळतो. तरीही मी अशा प्रत्येक मुलाची एकदा श्रवणचाचणी करून ठेवतो आणि वर्षाला प्रतिक्षेप पाहतो, कारण पुढे कधी शंका आली तर तुलनेला आधीची नोंद हाताशी असते.

आकडे तुम्ही कुठे ना कुठे वाचणारच, म्हणून मीच सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९७१ ते २००९ या काळात १०६ रुग्णांचा पाठपुरावा केला. वीस वर्षांखालील रुग्णांत त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगांचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे १०,००० पट आणि मेलॅनोमाचा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा, सुमारे २,००० पट आढळला. पहिल्या कर्करोगाचे मध्यम वय नऊ वर्षे होते. हे आकडे वाचून हात गाळू नयेत. त्यात उशिरा निदान झालेले, बालपण उन्हात गेलेले अनेक रुग्ण आहेत. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. चार वर्षांत जे साठले ते काढून घेता येणार नाही, पण यापुढचे थांबवता येते.

औषधाबद्दल स्पष्टच सांगतो: ही दुरुस्ती परत आणणारे, सर्रास वापरता येण्यासारखे औषध आज नाही. जिवाणूंच्या विषाणूपासून मिळवलेले एक दुरुस्तीचे विकर मलमातून त्वचेत पोचवण्याचा प्रयोग झाला आणि २००१ मध्ये त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष आले, पण ते औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेले नाही. आयसोट्रेटिनॉइन या अ जीवनसत्त्वासारख्या औषधाच्या मोठ्या मात्रेने नव्या गाठी बऱ्याच कमी होतात हे १९८८ मध्ये पाच रुग्णांवर दिसले, मात्र औषध थांबवताच गाठी पुन्हा झपाट्याने आल्या आणि दुष्परिणामही कमी नव्हते. ज्यांना एकामागून एक गाठी येतात अशांसाठीच मी ते राखून ठेवतो. वाढलेल्या कर्करोगावर अलीकडची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे या रुग्णांत चांगली लागू पडल्याची उदाहरणे आहेत, कारण गाठीत चुका जितक्या जास्त तितकी ती शरीराला परकी दिसते. चार वर्षांच्या, अजून गाठ नसलेल्या मुलीसाठी यांतले काहीही आज लागू नाही. जडीबुटीने 'डीएनए शुद्ध' करून देणारे तुम्हाला भेटतील. त्यांच्यावर पैसे घालवू नका. तो खर्च खिडक्यांवर करा.

खिडक्या हा शब्द मी मुद्दाम वापरला. साधी काच अतिनील किरणांतला आखूड लांबीचा, म्हणजे 'बी' भाग बऱ्यापैकी अडवते, पण लांब लांबीचा 'ए' भाग आत येऊ देते. त्या नाकावर गाठ असलेल्या मुलीच्या शाळेत मी एकदा अतिनील प्रकाश मोजणारा हातात मावणारा मीटर घेऊन गेलो होतो. बाईंनी तिला मायेने पहिल्या बाकावर, खिडकीशेजारी, 'छान उजेडात' बसवले होते. खिडकी बंद होती, ऊन अंगावर नव्हते, तरी मीटरचा काटा बाकावर हलत होता. तोच मीटर मी हळूहळू आत नेत गेलो. तिसऱ्या रांगेच्या भिंतीकडच्या बाकावर तो स्थिर झाला. मुलगी त्याच दिवशी तिथे बसली. बाई मला म्हणाल्या, 'डॉक्टर, आम्ही तिला ऊन लागू नये म्हणून पंख्याखाली बसवलं होतं हो.' ऊन आणि उष्णता एकच आहे हा समज फार खोल आहे. ढगाळ पावसाळी दिवशी, माघातल्या थंड सकाळी, सावलीत उभे असताना अतिनील किरण असतातच, आणि 'कोवळे ऊन चांगले' हा नियम या मुलीला लागू नाही.

घरात आणि शाळेत खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म लावून घ्यावी, आणि गाडीच्या बाजूच्या काचांनाही, कारण समोरची काच दोन थरांची असते, बाजूच्या बहुधा नसतात. गाडीच्या काचेला फिल्म लावण्याबाबत वाहतुकीचे नियम आहेत, तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत ठेवून आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. ट्यूबलाइट, सीएफएल आणि हॅलोजन काढून साधे एलईडी दिवे लावावेत. बाहेर जाताना घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे, गडद रंगाचे कपडे, हातमोजे, रुंद कडेची टोपी आणि चेहऱ्यावर अतिनील किरण अडवणारी पारदर्शक ढाल असावी. अशी तयार टोपी मिळते, पण एका आईने टोपीच्या कडेला त्याच फिल्मचा पडदा शिवून, हनुवटीखाली वेल्क्रो लावून केलेली माझ्या पाहण्यात सर्वांत सुबक होती. मुलगी ती 'अंतराळवीराची टोपी' म्हणून आपणहून घाले. सनस्क्रीन यानंतर येते. एसपीएफ ५० किंवा अधिक, 'ए' किरणांपासूनही संरक्षण देणारे, कान, मान, ओठ आणि पापण्यांपर्यंत भरपूर प्रमाणात, दर दोन तासांनी. निव्वळ सनस्क्रीन लावून मुलीला मैदानावर सोडणे म्हणजे छत्री घेऊन नदीत उतरणे. पातळ थर लावला की बाटलीवरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

खेळणे बंद करू नका, वेळ बदला. सूर्य पूर्ण मावळल्यावर अंगण तिचेच आहे. फ्रान्समध्ये या मुलांना 'चंद्राची मुले' म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, पण रात्री सायकल चालवणारी मुले त्या नावाखाली खरोखर मजेत असतात, हे मान्य करावे लागेल.

डोळ्यांकडे त्वचेइतकेच लक्ष द्या. पापण्या आणि बुबुळाचा पुढचा भाग उन्हासमोर असतो, बुबुळ धूसर होऊ शकते, पांढऱ्या भागावर गाठ येऊ शकते. बाजूनेही बंद असलेला, अतिनील किरण अडवणारा चश्मा आणि दिवसातून अनेक वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब लागतात. नेत्रतज्ज्ञांकडे सहा महिन्यांनी जावे. जिभेचा शेंडाही पाहत राहा. मुले जीभ बाहेर काढतात आणि तिथेही गाठी होतात. ऊन बंद केल्याने जीवनसत्त्व ड कमी होणारच, म्हणून त्याची रक्तातील पातळी पाहून पूरक मात्रा द्यावी; तेवढ्यासाठी ऊन देण्याची मुळीच गरज नाही.

घरातल्या धुराचाही विचार करा. बिडी-सिगारेटच्या धुरातील बेंझोपायरीन डीएनएला जो चिकट डाग पाडते तोही याच यंत्रणेने निघतो, म्हणून घरात कोणी ओढत असेल तर त्याला अंगणात जाऊ द्या. मुलगी मोठी होईल तेव्हा तंबाखू आणि मिश्री तिच्यासाठी इतरांपेक्षा कितीतरी वाईट असेल, हे तिला वेळीच सांगा. एक्सपीसीच्या मोठ्या वयाच्या रुग्णांत रक्ताचे कर्करोगही दिसू लागले आहेत, त्यामुळे वर्षातून एकदा साधी रक्तगणना करून ठेवणे मला योग्य वाटते.

एक गोष्ट तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध डीएनएला जी इजा करते तीही हीच यंत्रणा दुरुस्त करते, आणि एक्सपीच्या रुग्णांना नेहमीच्या मात्रेनेही त्याची जीवघेणी विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. बुरशीवरचे व्होरिकोनॅझोल त्वचेला उन्हाबाबत अधिक नाजूक करते, तेही टाळावे. क्ष-किरणांची भीती मात्र बाळगू नका; छातीचा किंवा दाताचा फोटो निर्धास्त काढा, कारण ती इजा वेगळ्या यंत्रणा दुरुस्त करतात.

तपासणी दर तीन महिन्यांनी, डोक्यापासून पायापर्यंत, केसांत भांग पाडून आणि कानांच्या मागेसुद्धा व्हावी. मधल्या काळात महिन्यातून एकदा, त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून, मोजपट्टी शेजारी धरून चेहरा, हात आणि मान यांचे फोटो काढा आणि तारखेने ठेवा. हजार ठिपक्यांत नवा कोणता हे डोळ्यांना आठवत नाही, फोटोला आठवते. जो वाढतो, ज्याचा रंग बदलतो, ज्यावर खपली येऊन ती महिनाभरात जात नाही किंवा ज्यातून रक्त येते, तो ठिपका लगेच दाखवा. लवकर काढलेली गाठ बहुतेक वेळा एका छोट्या शिवणीत संपते.

पहिल्या भेटीला येताना मुलीचा मूळ जनुकीय अहवाल, तिचे एक-दीड वर्षाच्या वयाचे चेहऱ्याचे फोटो, आणि तुम्हा दोघांचे रक्त दिल्याची पावती सोबत आणा. गाडीत तिला मागच्या सीटवर मधोमध बसवा.